डाव्या हाताची काठी

हार्सकेल, ११ जानेवारी १९९८

सिरिल,

सोळा वर्षांनी पत्र आलं की माणसाला वाटतं, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझा भाऊ रोलंड आहे. तेव्हा पाकीट चुलीत टाकू नकोस. मला एकच साधा प्रश्न विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस माझ्या ओळखीत तूच उरला आहेस.

लहान ओढ्यावर, डाव्या हाताने, पिसांच्या माशीने ट्राउट पकडायचे असतील आणि हात आखडता असेल, तर काठी कोणती घ्यावी?

आता तू म्हणशील, रोलंडच्या बायकोच्या नावाने दुसरीच कोणी बाई लिहिते आहे. रोलंडच्या घरात काठ्यांना काय तोटा? तर ऐक. सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, आणि डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही. पुढ्यात लापशी ठेवली तर डावी अर्धी खातो आणि वाडगा सरकवतो. मी वाडगा फिरवून पुन्हा पुढे ठेवते. शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस पोरांना जेवू घालताना मी एवढी दमले नव्हते. शब्द चारच राहिलेत. ‘हो’, ‘नको’, ‘गेलं’, आणि तुमच्या वडिलांची ती एक शिवी. शिवी मात्र अगदी खणखणीत येते.

नोव्हेंबरात एक दिवस तो जिन्याखालच्या काठ्यांकडे बोट दाखवायला लागला आणि मग दाराकडे. मला कळायला संध्याकाळ झाली. सगळ्या द्यायच्या होत्या. ब्रेंडाने (आपल्या भिंतीपलीकडची, मेंढ्यावाली) त्या गाडीत घालून मासेमारी मंडळाच्या नाताळच्या विक्रीला नेल्या. तुमच्या वडिलांची बांबूची पण. आता तू चिडशील. चीड. मी अडवायला हवं होतं असं वाटत असेल, तर तू इथे येऊन त्याचं ते बोट बघायला हवं होतंस.

तेव्हापासून तो खिडकीशी बसतो. ओढ्याकडे तोंड करून नाही, पाठ करून. जेवण कमी होत चाललंय. डॉक्टरीणबाईंनी मला बोळात घेऊन सांगितलं, “मिसेस ॲल्डरसन, शरीराने ते अजून काही वर्षं काढतील. पण त्यांनी मनाशी जायचं ठरवलेलं दिसतंय. हातात धरायला काही मिळालं नाही तर उन्हाळा बघणार नाहीत.” बाई तरुण आहेत, गोड बोलायला अजून शिकलेल्या नाहीत. मला बरं वाटलं.

आणि गेल्या रविवारी जेवताना त्याच्या डाव्या हातात काटा होता. हात मागे गेला, थांबला, पुढे आला. पुन्हा मागे, थांबला, पुढे. काट्यावर बटाटा होता, तो कपाटावर जाऊन चिकटला. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. पण चाळीस वर्षं मी ओढ्यावरच्या त्या पुलाच्या कठड्यावर विणकाम घेऊन बसले आहे, सिरिल. माशी टाकायचा तो हाताचा झटका मला अंधारातही ओळखता येईल.

पंचवीस मार्चला ट्राउटचा मोसम उघडतो. तोवर त्याच्या हातात काठी हवी. मंडळातल्या कोणाला विचारणार नाही. ते भेटायला आले तर हा तोंड फिरवतो, आणि आमचं फसलं तर गावभर होईल. तालुक्याच्या बाजारातलं हॉजचं काठ्या-दोऱ्यांचं दुकान बंद पडतंय. राहिलास तू. एका ओळीत लिही: किती फुटी, किती जड, कुठे पैसे घालायचे, कुठे वाचवायचे.

तो तुझं नाव घेतो.

मेव्हिस

हार्सकेल, २ फेब्रुवारी

सिरिल,

विमानाच्या टपालाला आठवडा लागतो असं पोस्टातली म्हणते. जायला एक, यायला एक. मी तुला तीन दिले. ठीक आहे. मी माझं बघते. पण काय केलं ते तुला लिहीत राहणार, म्हणजे चुकत असेन तर तुला टोकायला वेळ आहे. टोकायला तर तुला आवडायचं.

टपालाने माल पाठवणाऱ्या एका दुकानाचं सूचीपुस्तक मागवलं. एवढ्या काठ्या! हॅरोगेटच्या टोप्यांच्या दुकानातही इतकी निवड नसते. पहिल्याच पानावर ‘संपूर्ण संच, नवशिक्यांसाठी, सवलतीत’. साडेनऊ फुटी काठी, रीळ, दोरी, पिशवी, वर एक टोपी फुकट. मी भुलले होते, खोटं कशाला बोलू. मग आपल्या ओढ्यावरच्या एल्डरच्या झाडांच्या खाली झुकलेल्या फांद्या आठवल्या. साडेनऊ फुटी काठी घेऊन ग्रेन बेकच्या ओढ्यावर उभं राहणं म्हणजे स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायचा बांबू फिरवणं. ती तलावावरच्या लोकांसाठी. फोन केला. एक मुलगी होती, च्युइंगगम चघळत.

“तळं की वाहतं पाणी?”

“ओढा. घोटा बुडेल, कुठे गुडघा.”

“मग सात फूट. चार नंबरची हलकी दोरी पेलणारी. अनुभव किती आहे तुम्हाला?”

“पन्नास वर्षं.”

“आँ? मग नवशिक्याची काठी कशाला घेताय?”

“कारण हात नवशिका आहे,” म्हटलं. ती चघळायची थांबली. मग म्हणाली की त्यांच्याकडे एक साधी, हिरव्या रंगाची, दोन तुकड्यांची आहे. नाव नाही, गाव नाही, पण हलकी आहे आणि मऊ वाकते. कमजोर मनगटाला तीच बरी, कारण काठीच अर्धं काम करते. तीच मागवली.

रिळावर पैसे घालायचे नाहीत, हे मला रोलंडनेच शिकवलंय. तो बाजारात कोणाच्या महागड्या रिळाकडे बघून म्हणायचा, “चांगलंय. पण पाव किलोच्या माशाला ते फक्त दोरी ठेवायचं कपाट असतं.” काठी पाण्याप्रमाणे, रीळ स्वस्तातलं, आणि उरलं ते दोरीत. माशा विकत घ्यायच्या नाहीत. त्याच्या कोटाच्या खिशात अजून तो चपटा डबा आहे, सगळ्या त्याने स्वतः बांधलेल्या. काठ्या दिल्या, डबा दिला नाही. 

ब्रेंडाला सांगावं लागलं, कारण पार्सल तिच्या पत्त्यावर येणार आहे. ती म्हणाली, “अगं, नवऱ्यापासून लपवून बायका कपडे मागवतात. तू काठ्या मागवतेस!”

मग म्हणाली, “मेव्हिस, आणि नाही जमलं तर?”

“तर तू गप्प बसशील,” म्हटलं.

तू लिही. उशीर झालेला नाही.

मेव्हिस

हार्सकेल, २१ फेब्रुवारी

सिरिल,

काठी आली. मी ब्रेंडाच्या गोठ्यात उभी राहून ती जोडली आणि हलवली. कोकरांना दूध पाजता पाजता ब्रेंडा बघत होती. मला त्यातलं काय कळतं! पण हातात घेतल्यावर वजन जाणवत नाही, एवढं कळलं.

रीळ आणि दोरी हॉजच्या दुकानात मिळाली. म्हातारा हॉज डिसेंबरात गेला, तुला कोणी कळवलं का? त्याची मुलगी लीड्सहून येऊन सगळं खोक्यांमधून विकते आहे. तिथे आता साबण आणि मेणबत्त्या विकायच्या आहेत. म्हातारा असता तर त्याने दोरी रिळावर चढवून दिली असती, वर चहा पाजला असता, आणि रोलंडची चौकशी करत बसला असता. मुलीला मात्र रीळ कोणतं आणि भोवरा कोणता ते कळत नव्हतं. “हे सगळं एकाच खोक्यातलं, एकच भाव,” म्हणाली. चार नंबरच्या दोऱ्या तिथे दोनच होत्या. एक वेष्टनातली, महाग. दुसरी मोकळी, वेटोळं करून तारेने बांधलेली, नवीकोरी. कोणीतरी उघडून पाहून परत टाकली असावी. चिठ्ठी नाही, चकती नाही, पण वेटोळ्याला चिकटपट्टीवर हॉजच्या अक्षरात ‘४’ लिहिलेलं. ती घेतली. दोरीत पैसे घालायचे खरे, पण तीच दोरी निम्म्या भावात मिळत असेल तर का नाही?

काल रोलंड दुपारचा झोपला तेव्हा स्वयंपाकाच्या टेबलावर चढवली. खुर्चीच्या पाठीवर वेटोळं अडकवलं, लोकर गुंडाळतात तसं. ही दोरी तुम्हा भावांच्या दोरीसारखी नाही. एकीकडून बारीक आहे ती बराच वेळ बारीकच राहते, आणि दुसरीकडे जाड होते. मी थोडा विचार केला. माशी तर केसासारख्या धाग्याला बांधायची असते, मग बारीक बाजू बाहेर ठेवली आणि जाड बाजू आत, रिळाच्या पोटात. तसंही कोणतंही टोक चाललं असतं. तुम्ही दोघं दर वसंतात याच टेबलावर दोरी उलटवून चढवायचा, एक टोक झिजलं की दुसरं, आणि तुमचे वडील म्हणायचे, एका दोरीच्या भावात दोन. छान बसली. एकही गाठ नाही, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हे सगळं बारकाईने लिहिते आहे, कारण तू अजून काही लिहिलेलं नाहीस.

मेव्हिस

हार्सकेल, ८ मार्च

सिरिल,

त्याने काठी घेतली.

मी ती टेबलावर ठेवून दिली आणि भांडी घासायला पाठ केली. आधी तुमच्या वडिलांची शिवी ऐकू आली.  वळून पाहिलं तर डाव्या हातात काठीची मूठ धरलेली, आणि हा रडतोय. मी भांडी पुन्हा घासली. घासलेलीच पुन्हा.

आता रोज सकाळी परसात उभा राहतो. डावा हात काठीत, उजवी बाजू भिंतीला टेकवून. दोरी लावून देत नाही. नुसती काठी मागे, थांब, पुढे. पहिले चार दिवस नुसता झाडू मारल्यासारखं. मग परवा काठीने तो आवाज केला, तुला माहीत आहे तो, रेशीम फाटल्यासारखा. ब्रेंडा भिंतीवरून म्हणाली, “अरे वा, साहेब! हात तर झ्याक चालतोय. माझ्या मेंढ्या घाबरून पळाल्या बघा.” त्याने तिला शिवी दिली. ती इतकी खूश झाली की अर्धा डझन अंडी देऊन गेली.

जेवतो आहे. वाडगा मी फिरवायच्या आधी तोच फिरवतो, डाव्या हाताने. मी दोरी लावू का विचारलं तर ‘नको’ म्हणतो आणि खिडकीतून पुलाकडे बोट दाखवतो. पहिली दोरी पाण्यावरच पडायला हवी, उघडण्याच्या दिवशी. या घराण्याचा शिरस्ता मोडायचा नाही! गवतावर दोरी टाकणं म्हणजे पोराटोरांचं काम.

आता एक सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तो तुझं नाव घेतो. घेत नाही. ते चार शब्द आहेत, त्यात तू नाहीस. तू लिहावंस म्हणून मी लिहिलं. आणि तरी तू लिहिलं नाहीस, म्हणजे खोटंही वाया गेलं.

त्या गांडुळाबद्दल मी लोकांना काय सांगते माहीत आहे? काहीच नाही. दोन सख्खे भाऊ एका गांडुळावरून बोलायचे थांबले असं सांगितलं की लोक हसतात. तू पुराच्या गढूळ पाण्यात गांडूळ लावलंस, जिथे तुमच्या आजोबांपासून फक्त माशी चालते, आणि त्याने भर सभेत स्वतःच्या भावाचं नाव वहीतून काढलं. मंडळाचा सचिव होता, म्हणे दुसरं काय करणार. मी त्या रात्री त्याला म्हटलं, निदान आधी घरी सांगायचं होतंस. तो म्हणाला, “नियम घरी सांगायचा नसतो.” माझ्या मते तुम्ही दोघंही चुकलात. पण तू समुद्र ओलांडून चुकत राहिलास.

पंचवीसला ओढ्यावर जातोय. तुला या पत्राचं उत्तर तोवर पोचवता येणार नाही, मला कळतं. तरी कळवते. वाटलं तर त्या दिवशी तूही तुझ्या तिथल्या नदीत एक दोरी टाक.

मेव्हिस

हार्सकेल, २६ मार्च

सिरिल,

लिहायचं नव्हतं, पण आता सवय लागली आहे.

ब्रेंडाने मेंढ्यांचं खाद्य नेतात त्या छोट्या गाडीमागे पाट जोडला, त्यावर गादी, त्यावर रोलंड. त्याने टाय बांधायला लावला. कॉलरला लोकरीचा गळपट्टा. ऊन होतं, वारा नव्हता, पाणी काचेसारखं. इतका चांगला दिवस उघडण्याला कधीच मिळत नाही. पुलाखालच्या डोहात तीन ठिकाणी मासे वर येत होते, मलासुद्धा दिसत होते.

आम्ही दोघींनी त्याला गुडघाभर पाण्याच्या कडेला उभं केलं. ब्रेंडाने मागून पट्ट्याला धरलं. माशी त्याने स्वतः निवडली, डबा मी धरला. नारिंगी अंगाची, तितराच्या पिसाची. बांधली मी.

त्याने दोरी काढली. हात मागे गेला, थांबला, पुढे आला. अगदी परसात जायचा तसाच. आणि दोरी त्याच्या समोर, पायाशी, गोळा होऊन पडली.

पुन्हा. पुन्हा तेच. मागे जायची तीही ढिली पडायची, पुढे काही पोचायचंच नाही. जोर लावला तर आणखी वाईट. जितकी जास्त दोरी सोडावी तितका मोठा गुंता.

ब्रेंडा म्हणाली, “दमानं घ्या साहेब, मासे कुठं पळत नाहीत.”

मी म्हटलं, “परसात छान जमत होतं.” मी हे बोलायला नको होतं.

तो थांबला. आधी त्याने पाण्यातल्या दोरीकडे पाहिलं, बराच वेळ. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. आणि म्हणाला, “गेलं.”

काठी त्याने फेकली नाही. फेकली असती तर बरं वाटलं असतं. नीट काठावर ठेवली, गवतावर, रीळ वर करून, वाळू लागू नये म्हणून. मीच ती उचलून घरी आणली आणि जिन्याखाली ठेवली.

आज तो उठला नाही. लापशीचा वाडगा फिरवत नाही. मी फिरवला तरी नाही.

मेव्हिस

हार्सकेल, १४ एप्रिल

सिरिल,

तो जात आहे. डॉक्टरीणबाई रोज येतात. कुठलं दुखणं नाही, म्हणतात. खात नाही, पीत नाही. मी चमचा पुढे केला की माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मीच चमचा खाली ठेवते. रागाची नजर नाही ती. माफी मागितल्यासारखी आहे. जणू मी त्याच्यासाठी एवढी खटपट केली आणि त्याच्या हाताने माझा अपमान केला.

मीच त्याला पाण्यावर नेलं. नेलं नसतं तर तो खिडकीशी पाठ करून बसला असता, अजून बसला असता. आशा देऊन मारण्यापेक्षा ते बरं नव्हतं का? ब्रेंडा म्हणते, असं बोलू नकोस. कोणाशी बोलू मग?

तू आता लिहू नकोस.

मेव्हिस

हार्सकेल, ३ मे

सिरिल,

तुझा फोन आला तेव्हा मी मध्येच ठेवून दिला. त्याचं कारण लिहिते, म्हणजे तू पुन्हा करणार नाहीस.

सोळा वर्षांनी तुझा आवाज, आणि तू हॅलोसुद्धा म्हणाला नाहीस. “मेव्हिस, दोरी! ती दोरी तू उलटी चढवली आहेस.”

मी म्हटलं, “कोण?”

“मी, सिरिल. ऐक. आमच्या दोऱ्या दोन्हीकडून सारख्या निमुळत्या असायच्या, म्हणून उलटवल्या तरी चालायच्या. ही नव्या तऱ्हेची आहे. सगळं वजन एकाच टोकाला असतं, ते जाड टोक पुढे हवं. तेच माशीला ओढून नेतं. तू जाड भाग रिळात पुरलास आणि बारीक भाग बाहेर ठेवलास. त्या दोरीने कोणीच टाकू शकणार नाही, मेव्हिस. मीसुद्धा नाही. राजाच्या पदरचा मासेमारही नाही. त्याच्या हातात काही बिघाड नाही! ऐकतेस ना? आत्ता काढ, उलटव, आणि त्याच्या हातात दे. त्याला सांग, हात ठीक आहे. मी सांगितलं म्हणून सांग.”

तू धापा टाकत होतास. सत्तरीच्या माणसाने एवढं ओरडू नये.

मी विचारलं, “तुला हे कधी कळलं?”

तू म्हणालास, पत्रं उघडली नव्हतीस. सगळी खणात टाकली होतीस, त्याच्या वतीने मी माफी मागत असेन असं वाटून, आणि माफी तुला त्याच्याच हातची हवी होती. आज सकाळी सगळी एकदम उघडलीस. फेब्रुवारीच्या पत्रात खुर्चीच्या पाठीवरच्या दोरीपर्यंत पोचलास आणि उठून उभा राहिलास.

“नंबर जुनाच होता,” म्हणालास. “मला पाठ होता.”

होय, सिरिल. नंबर आमचा बदललेला नाही.

मग तू म्हणालास, “त्याला दे. फोन त्याच्या कानाला लाव. बोलता येत नसेल तर नुसतं ऐकू दे.”

तेव्हा मी ठेवला. रोलंडला आम्ही आदल्या मंगळवारी चर्चमागच्या उतारावर पुरलं होतं. तुमच्या वडिलांशेजारी. मंडळाचे सगळे आले, टाय बांधून. कोणीतरी विक्रीतून घेतलेली बांबूची काठी परत आणून दाराशी ठेवून गेलं, नाव न सांगता. ती तू घेऊन जा म्हणेन असं वाटत असेल तर तसं नाही. ती इथेच राहील.

फोन ठेवल्यावर मी उठले. मग जिन्याखालून हिरवी काठी काढली. टेबलावर दोरी पूर्ण उलगडली, त्याच खुर्चीच्या पाठीवर घेतली, आणि उलटी चढवली. म्हणजे सुलटी. बारीक भाग आत, जाड भाग बाहेर. पाव तासाचं काम. मंडळातला कोणीही माणूस डोळे मिटून करेल. मी तुला विचारलं म्हणून दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, आणि तू उघडलं नाहीस. याचा हिशेब कसा मांडायचा ते मला समजत नाही, आणि तो मांडायला आता कोणी भांडणारंही उरलं नाही. चूक माझ्या हातची आहे. मी ती तुझ्यावर ढकलत नाही. पण तुझा वाटा तुला ठेवते. तुमच्या घराण्यात नियम मोडला की वहीतून नाव जातं. माझं नाव काढायला वहीच नाही.

मला एवढंच सोसवत नाही की त्याने शेवटचं काय पाहिलं. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, चांगल्या हाताकडे, आणि त्याला खोटा ठरवला. पन्नास वर्षांत त्याने दोरीवर कधी संशय घेतला नव्हता, कारण चुकीचं टोक असलेली दोरी त्याने आयुष्यात पाहिलीच नव्हती. दोरीपेक्षा स्वतःवर संशय घेणं त्याला सोपं गेलं.

येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर. इथे बघायला काही नाही, आणि मला कोणाला चहा करून द्यायची इच्छा नाही.

एवढं मात्र सांगते, कारण तूच सांगितलंस म्हणून मी केलं. मी काठी घेऊन परसात गेले, तो उभा राहायचा तिथे. उजवी बाजू भिंतीला टेकवली. मी आयुष्यात कधी दोरी टाकलेली नव्हती, तुला माहीत आहे. मी फक्त विणत बसायचे. डाव्या हातात धरली. दोरीला माशी लावली नव्हती, नुसता लोकरीचा तुकडा. मागे नेली. थांबले. पुढे आणली.

ब्रेंडा भिंतीपलीकडे होती. ती म्हणाली, “कोणी शिकवलं गं तुला?”

दोरी गेली, सिरिल. माझ्या हातूनसुद्धा गेली. पार कोबीच्या वाफ्यापलीकडे, सरळ.

मेव्हिस